लॉग, नोंद की रोजकीर्द?

दादरच्या एका वाचकाने विचारले आहे: 'ऑफिसात नव्याने आलेल्यांसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या कन्सोल ॲप्लिकेशनवर (फक्त मजकुरावर चालणाऱ्या प्रोग्रॅमवर) मराठीत टिपण लिहितोय. लॉगिंगला, म्हणजे चालताना काय घडले ते प्रोग्रॅमने लिहून ठेवण्याला, काय म्हणू? "नोंद घेणे" चालेल?'

'नोंद घेणे' नको. 'उद्या पाणी उशिरा येईल, रहिवाशांनी नोंद घ्यावी' असे सोसायटीच्या फळ्यावर येते, तेव्हा कोणी वही उघडावी अशी अपेक्षा नसते. ध्यानात ठेवा, एवढेच. प्रोग्रॅम ध्यानात ठेवत नाही, लिहून ठेवतो. म्हणून 'नोंदवणे': 'फाइल उघडली नाही, हे प्रोग्रॅमने नोंदवले.' नोंद घ्यायची ती वाचणाऱ्याने. (तो सहसा घेत नाही, ते सोडा.)

एक ओळ म्हणजे एक नोंद. सगळ्या मिळून काय? इंग्रजी लॉग मुळात ओंडका. जहाजाचा वेग मोजायला गाठी मारलेल्या दोराला लाकूड बांधून समुद्रात टाकत, आकडा वहीत उतरवत. लाकडाचे नाव वहीला चिकटले. आपल्याकडे कॉमर्सवाल्यांना 'रोजकीर्द' ठाऊक असते: व्यवहार घडतील त्या क्रमाने, तारीखवार. खातेवार मांडणी ही खतावणी. लॉग नेमका रोजकीर्दीच्या जातीचा. तरीही टिपणात 'लॉग'च लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला हिशेबाचे सॉफ्टवेअर वाटेल. फक्त 'लॉग्ज' नको. 'दगड'सारखाच 'एक लॉग, दोन लॉग'.

नोंद किती गंभीर, हे सांगणाऱ्या चढत्या पातळ्यांची डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर, क्रिटिकल ही नावे कोडमध्ये येतात, म्हणून तशीच ठेवा. समजावताना तपशील, माहिती, इशारा, बिघाड, गंभीर बिघाड म्हणा. एररला 'त्रुटी' मला पटत नाही. त्रुटी अर्जात निघते, एखादा दाखला जोडायचा राहिला की.

एका वाक्यावर मात्र लक्ष द्या. पायथनला काहीच सांगितले नाही, तर वॉर्निंगच्या खालच्या नोंदी दिसतच नाहीत. नवखा माणूस इन्फो लिहितो आणि पडदा कोरा. त्यासाठी बेसिककॉन्फिगमध्ये (लॉगिंग कसे चालावे ते ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये) पातळी इन्फो ठेवायची. पण 'इन्फो पातळीच्या नोंदी दिसतील' असे लिहिलेत, तर वाचणारा फक्त तेवढ्याच दिसतील असे समजेल. 'इन्फो आणि त्यावरच्या पातळ्यांच्या नोंदी दिसतील' असे लिहा. शिवाय या नोंदी प्रिंटच्या वाटेने जात नाहीत, स्टँडर्ड एररवर, म्हणजे बिघाड-इशाऱ्यांसाठीच्या वेगळ्या वाटेने, जातात. तेव्हा 'नोंद छापणे' हा प्रयोगही टाळलेला बरा.