‘अगदी आपल्यासारखंच’ याच्या पुढं

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या रविवारच्या कोरियन संस्कृतीच्या वर्गातल्या पहिल्या गृहपाठाची फाइल काल रात्री निवांत पाहिली. हानबोकचे, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाखाचे, फोटो सुंदर निवडलेस, रंगांची माहितीही नीट लिहिलीस. शेवटच्या स्लाइडवर मात्र एकच वाक्य आहे: ‘कोरियन संस्कृती अगदी आपल्यासारखीच आहे.’ फोनवर तू विचारलंस, ‘मावशी, बरं झालंय ना?’ आणि मी ‘सांगते’ म्हणून फोन ठेवला. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

बावीस वर्षांपूर्वी मीही अशाच रविवारच्या वर्गाला जात होते. आठवड्याला दोन तास शिकवणी आणि घरी करायचा एक प्रकल्प. किमचीवरच्या, म्हणजे मीठ लावून आंबवलेल्या कोबीवरच्या, माझ्या निबंधाचं शीर्षक होतं ‘कोरियन लोणचं’. बाईंनी पानभर मजकुरात कुठंही खूण केली नाही. फक्त ‘लोणचं’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘का?’ त्या एका शब्दानं मला महिनाभर कामाला लावलं. आजही कोरियाबद्दल मला जे काही नीट कळतं, त्याची सुरुवात तिथं आहे.

‘आपल्यासारखंच’ हे दार आहे, आणि त्यातून जरूर आत जा. पण उंबऱ्यावरच बसून राहू नकोस. दर आठवड्याच्या प्रकल्पात आधी साम्य शोध, मग ते साम्य नेमकं कुठं संपतं ते शोध. ती जागा सापडली की तुझा गृहपाठ सुरू झाला असं समज.

किमचीचंच घे. आपलं कैरीचं लोणचं तेलात टिकतं. किमचीत तेल नाही. मिठानं कोबीतलं पाणी सुटतं आणि त्या खारट, हवाबंद ओलाव्यात जिवाणू वाढून लॅक्टिक आम्ल तयार करतात. म्हणून ती दिवसागणिक आंबट होत जाते. कोवळी किमची ताटात वाढतात, जुनी आंबटढाण झालेली शिजवून रश्श्यात घालतात. आपण बेगमी करतो ती उन्हाळ्यात, पावसाच्या आधी: पापड, कुरडया, सांडगे, सगळं उन्हाच्या भरवशावर. तिथली बेगमी थंडी पडू लागल्यावर, बर्फाच्या आधी. नोव्हेंबरच्या सुमारास शेजारणी-नातलग एकत्र जमून डझनावारी कोबीचे गड्डे भरतात. याला किमजांग म्हणतात. युनेस्कोनं २०१३ साली दक्षिण कोरियाची ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली आणि २०१५ साली उत्तर कोरियाची. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच काम, एकाच मोसमात, आणि नोंदी मात्र दोन. हे वाचून मी बराच वेळ थांबले होते.

आता मिरची. किमचीचा लाल रंग पाहून आपल्याला वाटतं, हे अनादि काळापासून असंच असणार. मिरची मुळात अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि तिथून आपल्या स्वयंपाकघरात शिरली. कोरियात ती त्याच शतकाच्या शेवटी, १५९२ ते १५९८ च्या जपानी स्वारीच्या सुमारास पोचली असं सर्वसाधारणपणे मानतात. १६१४ सालच्या एका कोरियन ग्रंथात तिला चक्क ‘जपानी मोहरी’ म्हटलंय. त्याआधीची किमची पांढरी, खारवलेली असायची. म्हणजे आपला ठेचा आणि त्यांची किमची या दोघांच्या तिखटाला एकाच दर्यावर्दी व्यापाराचा धागा आहे. हे साम्य खरं आहे, कारण त्यामागे इतिहास आहे. ‘त्यांनाही तिखट आवडतं’ एवढ्यावर थांबलीस तर हे हाताला लागणार नाही.

हा प्रकल्प वाचून करू नकोस, हातानं कर. मंडईत ‘चायनीज कोबी’ म्हणून मिळतो तो लांबट गड्डा आण. उभे चार भाग कर, पानापानांत मीठ घाल, सहा-सात तास ठेव. देठाकडचं पान न मोडता वाकलं की झालं. तीनदा धुऊन निथळत ठेव. तांदळाच्या पिठाची पेज, लसूण, आलं, मुळ्याचे काप, कांद्याची पात आणि तिखट कालवून प्रत्येक पानाला आतून चोळ. तिखट म्हणून लवंगी घेऊ नकोस. कोरियन मिरचीपूड रंगाला गडद आणि चवीला सौम्य असते, तिला त्यातल्या त्यात जवळची आपली ब्याडगी. तिथं यात खारवलेली बारीक कोळंबी घालतात. तुझ्या कोकणातल्या आजीला जवळ्याची आठवण येईल. पण आपण जवळा उन्हात वाळवतो, ते मिठात मुरवतात. ही नोंद वहीत कर. घरी मासळी चालत नसेल तर वगळ, त्यात कमीपणा नाही. तिथल्या बौद्ध मठांतल्या किमचीत मासळी तर नसतेच, शिवाय लसूण आणि कांद्याची पातही वर्ज्य असते. चातुर्मासात तुझी आई कांदा-लसूण सोडते ना? तिला हे सांग आणि ती काय म्हणते तेही लिहून घे. बरणी गच्च भरू नकोस, वर जागा ठेव. पुण्याच्या हवेत एक दिवस बाहेर पुरे, मग फ्रिजमध्ये. रोज एक फोड चाखून तारखेसकट चव लिही. वर्गात दाखवायला तुझ्याकडे फोटोंपेक्षा ही वही हवी.

लिपीच्या आठवड्याला सगळी मुलं एकच गोष्ट सांगतात: राजा सेजोंगनं १४४३ साली हांगुल ही कोरियन लिपी घडवली, १४४६ साली जाहीर केली. हे बरोबर आहे. आपल्याला त्यात ओळखीचं वाटणारंही पुष्कळ आहे. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णांची विभागणी भारतीय उच्चारशास्त्रातून बौद्ध धर्मासोबत चीनमध्ये गेली आणि चिनी ग्रंथांतून सेजोंगपर्यंत पोचली. पण यापुढं त्यांची वाट वेगळी होते. आपल्या ‘न’ चा आकार पाहून जीभ कुठं लागते ते कळत नाही. त्यांच्या ‘न’ मध्ये जिभेचं टोक वर वळलेलं दिसतं. त्याला एक रेघ वाढवली की ‘त’, आणखी एक वाढवली की ‘थ’. ‘म’ म्हणजे तोंडाचा चौकोन. आरशासमोर उभी राहून ही अक्षरं उच्चार आणि तोंडाचं चित्र काढ, तुझा प्रकल्प तिथंच होईल. गंमत म्हणजे आकारांचं हे स्पष्टीकरण ज्या मूळ ग्रंथात होतं, तो १९४० साली सापडला. तोवर काहींना वाटत होतं, ही अक्षरं खिडकीच्या जाळीवरून सुचली असावीत.

आणखी एक. लोकांच्या भाषेतून लिहायचं म्हटल्यावर आपल्याला संत आठवतात, आणि त्यांना झालेला त्रास. तिथं लिपी खुद्द राजानं दिली आणि १४४४ साली दरबारातल्या चे मानरी या विद्वानानं सहकाऱ्यांसह तिच्याविरुद्ध अर्ज केला. पुढं १५०४ मध्ये दुसऱ्या एका राजाची निंदा करणारे कागद याच लिपीत लागले, तेव्हा त्यानं तिच्यावर बंदी घातली. ज्यांच्यासाठी लिपी केली होती, त्यांच्या हाती ती पोचली होती याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

भाषेत तर साम्याची भुरळ फार पडते. क्रियापद शेवटी येतं, विभक्ती नामाच्या मागून लागते. आपण ‘आमची आई’ म्हणतो तसं तेही ‘उरी ऑम्मा’ म्हणतात, मग ते आईचं एकुलतं एक लेकरू का असेना. याच भुरळीत मी एकदा चुकले. रांजणगावच्या कारखान्यात दुभाषी म्हणून नवीन होते. शब्दकोशात ‘तांगशिन’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ असं वाचलं होतं. आपल्या ‘आपण’सारखंच असेल असं धरून मी वयानं वडील असलेल्या एका साहेबांना तो शब्द वापरला. ते गप्प झाले, बैठक गप्प झाली. वरिष्ठाला तोंडावर तसं म्हणणं तिथं भांडायला उठल्यासारखं आहे, हे मला नंतर एका सहकाऱ्यानं बाजूला घेऊन सांगितलं. तिथं आदर दाखवायचा तर ‘तुम्ही’ हा शब्दच टाळतात आणि हुद्द्यानं किंवा नात्यानं हाक मारतात. नात्याची हाकही हाक मारणाऱ्यावर ठरते: मोठ्या बहिणीला भाऊ ‘नुना’ म्हणेल, बहीण ‘ऑन्नी’ म्हणेल. आपली ‘ताई’ दोघांची ताई असते. या आठवड्याला घरातल्या सगळ्यांची नाती दोनदा लिहून काढ, एकदा तुझ्या तोंडून आणि एकदा तुझ्या भावाच्या.

आता येत्या रविवारचा गृहपाठ, चुसॉक, म्हणजे कोरियन लोकांचा सुगीचा सण. माझा सर्वांत आवडता. आठव्या चांद्रमासातली पौर्णिमा. कालनिर्णय काढून बस. २०२२ आणि २०२३ साली आपल्या अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी चुसॉक होता. २०२५ साली मात्र तो ६ ऑक्टोबरला, थेट कोजागिरीला आला. दोन्ही पंचांगं चंद्रावरच चालतात, पण अधिक महिना धरायची वेळ दर वेळी एकच येत नाही. एवढ्या एका तक्त्यावरही चांगला प्रकल्प होईल.

त्या दिवशी सोंगप्यॉन करतात. नव्या तांदळाच्या पिठीत कढत पाणी घालून मळायचं, पारी करायची, आत तीळ-साखर किंवा डाळीचं पुरण, अर्धचंद्रासारखी मिटायची आणि पाइनच्या सुयांवर वाफवायची. तुझा हात उकडीच्या मोदकांवर बसलेला आहे, तुला हे लगेच जमेल. आपण हळदीच्या पानाचा वास मोदकाला लावतो, ते पाइनचा लावतात. पुण्यात त्या सुया मिळाल्या नाहीत तर नुसत्या कापडावर उकड आणि वहीत तसं लिही. हळदीचं पान घालू नकोस, मग तो पदार्थ आपला होईल.

आणि इथं ती जागा येते, जिच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. मोदक देवासाठी. सोंगप्यॉन मांडतात ते पूर्वजांपुढं. सकाळी घरी नव्या तांदळाचं अन्न, फळं, मद्य मांडून पितरांना नमस्कार करतात, मग तेच अन्न सगळे मिळून खातात आणि कबरींवर जातात. म्हणजे पितृपक्षच की, असं तू म्हणशील. आपला पितृपक्ष बहुतेक वर्षी त्याच पौर्णिमेच्या आसपास सुरू होतो, हेही खरं. पण त्या पंधरवड्यात आपण नवीन कापड घेत नाही, लग्न ठरवत नाही, घरात आवाज बेताचा असतो. तिथं त्याच दिवशी पोरं हानबोक घालतात, आणि नैऋत्येकडच्या जेओल्ला भागात रात्री बायका चांदण्यात हात धरून फेर धरतात, त्याला कांगकांगसुल्ले म्हणतात. आपल्या भोंडल्याला घटस्थापनेपर्यंत थांबावं लागतं. पितर दोन्हीकडे येतात, मग एका घरात ते आल्यावर आवाज का दबतो आणि दुसऱ्या घरात फेर का धरला जातो? माझ्याकडे याचं तयार उत्तर नाही. तुझ्या आजीला विचार, तुमच्या कोरियन शिक्षिकेलाही विचार, आणि दोघींची उत्तरं जशीच्या तशी शेजारी-शेजारी लिही.

एका विषयापासून सावध राहा. अयोध्येची राजकन्या समुद्रमार्गे जाऊन इ. स. ४८ मध्ये कोरियातल्या एका राज्याची राणी झाली, ही कथा तुमच्या वर्गात कुणीतरी नक्की मांडेल. ती इर्यॉन नावाच्या भिक्षूनं तेराव्या शतकात संकलित केलेल्या ग्रंथात येते, म्हणजे घटनेनंतर बाराशे वर्षांनी. ती जिथं राणी झाली असं मानतात त्या गिमहे शहरातल्या लोकांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या जपली याचं मोल मोठं आहे, तेवढंच सांग. त्यापुढं जाऊन तिला पुरावा म्हणू नकोस.

त्यापेक्षा जवळचा आणि नोंदलेला दुवा हवा असेल तर युद्धाच्या आठवड्याला घे. जून १९५० मध्ये सुरू झालेलं उत्तर आणि दक्षिण कोरियांमधलं युद्ध २७ जुलै १९५३ ला थांबलं. थांबलं इतकंच, शांतता करार आजही नाही. मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी सांभाळायला भारतीय सैन्य गेलं, आणि त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात. दक्षिणेच्या सरकारला आपले सैनिक त्यांच्या भूमीवर नको होते, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरनं थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. आपली माणसं कुठं उभी होती ते आधी नकाशावर काढ.

मग १९८३ सालच्या दक्षिण कोरियातल्या एका टीव्ही कार्यक्रमाचं चित्रण पाहा. युद्धात हरवलेली माणसं शोधण्यासाठी तिथल्या सरकारी वाहिनीनं १३८ दिवस प्रक्षेपण केलं आणि दहा हजारांवर कुटुंबांची भेट झाली. तीस वर्षं एकाच देशात राहूनही ही भावंडं एकमेकांना मेलेली समजत होती. एकट्यानं पाहू नकोस, आईला शेजारी बसव. आणि त्या आठवड्यात पिंपरीला जा. सत्तेचाळीस साली सिंधमधून आलेल्या घरांतलं कुणी वडीलधारं भेटलं तर फक्त ऐक. रेकॉर्डिंगसाठी फोन पुढं करू नकोस, परवानगी मिळाली तरी पहिल्या भेटीत नको. त्यांना मागं राहिलेल्यांची पत्रं येत होती का, एवढं विचार. उत्तर-दक्षिण कोरियात सामान्य माणसाला साधं पत्रही पाठवता येत नव्हतं. त्या एका प्रश्नानं तुला दोन फाळण्यांमधला फरक दिसू लागेल.

हानबोकची फाइल फेकू नकोस. फक्त शेवटची स्लाइड काढ आणि तिथं एक प्रश्न लिही, तुला खरोखर पडलेला.

शनिवारी सोंगप्यॉन करायला माझ्याकडेच ये. मोदकपात्र आहे, तांदळाची पिठी मी दळून ठेवते, तीळ तू आण. जाताना चिनी मातीची मोठी बरणी घेऊन जा, किमचीला ती बरी पडेल. झाकण जरा सैल आहे, पण चालेल.

तुझी,
मावशी