लूक १४:२६ मधला 'द्वेष'

प्रश्न असा आहे: बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की, जो माझ्याकडे येतो आणि आईबाप, बायकोमुलं, भावंडं, एवढंच काय स्वतःच्या जिवाचाही द्वेष करत नाही, त्याला माझा शिष्य होता येत नाही. शत्रूवर प्रीती करा म्हणणारा आईचा द्वेष करायला कसा सांगेल? भाषांतर चुकलंय का?

चुकलेलं नाही. ग्रीक क्रियापद आहे 'मिसेओ', त्याचा सरळ अर्थ द्वेष करणे हाच. गंमत आहे ती त्यामागच्या हिब्रू वळणाची. बायबलाच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या २९व्या अध्यायात, याकोबाचं लेआ आणि राहेल या दोन बायकांपैकी लेआपेक्षा राहेलीवर जास्त प्रेम होतं असं सांगितलंय आणि लगेच पुढच्या वचनात हिब्रूत लेआला चक्क 'द्वेषिलेली' म्हटलंय. त्याच लेआला त्याच्यापासून सहा मुलगे झाले. याला वैर कोण म्हणेल? मराठी बायबलात तिथे 'नावडती' आहे, आणि माझ्या मते हा शब्द मुळापेक्षाही नेमका बसतो. नावडतीचं मीठ अळणी, पण असते ती राणीच. दोघींतून एकीला निवडायची वेळ आली की पारडं कुठे झुकतं, एवढाच प्रश्न. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय (१०:३७) हीच गोष्ट 'माझ्यापेक्षा अधिक प्रीती' अशी उघड तुलना करून सांगतो.

मग लूकमध्येही 'नावडते' का नको? कारण ते फार गुळमुळीत होईल. ऐकणारा दचकावा म्हणूनच तो शब्द वापरलाय. शिवाय संस्कृतातल्या 'रागद्वेष' या जोडीत द्वेष म्हणजे विन्मुखता. मराठीत येताना तो वैराकडे सरकला. (त्या जोडीतला 'राग' तर आसक्तीचा थेट संताप झाला!)

'वर्जणे' हा आणखी एक पर्याय सुचतो. तुकोबांचं आठवा: 'नारायणीं जेणें घडे अंतराय । हो कां बाप माय वर्जावीं तीं'. पुढे दाखला प्रल्हादाचा आणि बिभीषणाचा. मात्र तुकोबांची अट आहे, आड आले तरच वर्जा. लूकच्या वचनात अशी अट नाही, म्हणून 'वर्जणे' तिथे पुरत नाही.

तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आलेल्या कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरात आकांत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर सुमारे पाच वर्षं हिंदूच राहिल्या. बाप्तिस्मा त्यांनी नंतर स्वतःहून घेतला. टिळकांनी त्यांना न विचारता टाकलेल्या त्या पावलाला काय म्हणायचं? लेआच्या गोष्टीतला 'द्वेष' म्हणता येईल. आज आपण बोलतो तो द्वेष मात्र नव्हे.