हॅकिंटॉशसाठी अडीअडचणीची ठेव मोडू का?

प्रश्न: नोकरी सांभाळून संध्याकाळी व्हिडिओ संपादनाची कामं घेतो. फायनल कट प्रो वापरायचं आहे आणि कॉम्प्युटरमध्ये ते फक्त मॅकवर चालतं. ॲपलचा मॅक स्टुडिओ हा तयार कॉम्प्युटर परवडत नाही, म्हणून सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडायचा आणि त्यावर मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम मॅकओएस चढवायची, म्हणजे हॅकिंटॉश करायचा असा बेत आहे. भागांची यादी सोबत जोडली आहे; मॉनिटर, कीबोर्ड, माउस आहेतच. पुढे गरज पडली तर त्याच यंत्रावर विंडोजही चालवता येईल. खर्च मॅक स्टुडिओच्या ६० टक्के येतो. निम्मे पैसे अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेतून काढेन, उरलेले क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांनी फेडेन. हे योग्य होईल का?

उत्तर: तुमची भागांची यादी नीट पाहिली. कोणता प्रोसेसर चालतो, कोणतं ग्राफिक्स कार्ड चालत नाही, याचा तुम्ही बारकाईने अभ्यास केला आहे. तरीही माझं उत्तर नाही असंच आहे. छंद म्हणून हे करायला माझी हरकत नव्हती. पण हे यंत्र तुम्हाला कमाईसाठी हवं आहे आणि पैसा राखीव रकमेतला आहे, तिथे माझा विरोध आहे.

सगळ्यात मोठा मुद्दा वेळेचा. हॅकिंटॉश शक्य झाला तो ॲपलने २००६ पासून मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर बसवले म्हणून. बाजारात मिळणारा प्रोसेसर आणि मॅकमधला प्रोसेसर एकाच जातीचे झाले. २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम१ चिप आणली आणि २०२३ पर्यंत विक्रीतला शेवटचा इंटेल मॅकही हटवला. जून २०२५ मध्ये कंपनीने जाहीरच केलं की मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. त्यापुढे फक्त सुरक्षेची अपडेट्स, तीही साधारण तीन वर्षं. म्हणजे २०२८ च्या आसपास तुमच्या यंत्राची मॅक म्हणून उपयुक्तता संपते. फायनल कटच्या नव्या आवृत्त्या नवी मॅकओएस मागू लागल्या, की त्याआधीच अडचण सुरू होईल.

आता किंमत बाजूला ठेवून वर्षाचा खर्च काढू. मॅक स्टुडिओ १०० रुपयांचा धरा. सहा वर्षं वापरून २५ ला विकला, तर ७५ भागिले ६, म्हणजे वर्षाला साडेबारा. तुमचं यंत्र ६० चं. मॅक म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षं चाललं आणि भाग १५ ला गेले, तर ४५ भागिले ३, म्हणजे वर्षाला १५. जे स्वस्त वाटत होतं तेच महाग निघालं. हे आकडे मी अंदाजाने घेतले आहेत, तुमच्या भागांच्या किमती घालून पुन्हा मांडून बघा. हेच यंत्र तुम्ही पुढे विंडोज किंवा लिनक्सवर सहा वर्षं वापरलंत आणि शेवटी काहीच हाती आलं नाही, तरी वर्षाला १० पडतात. म्हणजे सौदा फायद्याचा ठरतो तो तुम्ही मॅकओएस सोडायला तयार असाल तेव्हाच.

आणि इथेच खरं पाणी मुरतं. मॅकओएसला चालणारे भाग म्हणजे एरवी आज कुणी मुद्दाम घेणार नाही असे भाग. २०१८ च्या मोहावी या मॅकओएस आवृत्तीपासून एनव्हिडियाची नवी ग्राफिक्स कार्डं चालत नाहीत. एएमडीच्या ६००० मालिकेतली बरीच कार्डं चालतात, तिच्या पुढची ७००० मालिका चालत नाही. मॅकमध्ये बसलेली इंटेलची शेवटची डेस्कटॉप पिढी दहावी. म्हणजे काही वर्षं जुनं तंत्रज्ञान आज पैसे मोजून घ्यायचं, आणि मॅकओएस गेल्यावर विंडोजसाठी ते मागे पडलेलं. एका यंत्रात दोन्ही घरचा फायदा मिळेल असं तुम्हाला वाटतं, पण एका घरासाठी निवडलेले भाग दुसऱ्या घरात कमी पडतात.

वेळेचा खर्च तुमच्या पत्रात कुठेच नाही. असं यंत्र ओपनकोअर नावाच्या बूटलोडरच्या, म्हणजे मॅकओएस सुरू करून देणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या, आधाराने उभं राहतं. अपडेटचं बटण दाबण्याआधी ओपनकोअर आणि सगळे केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) ताजे आहेत का ते बघायचं, यंत्र सुरू करणाऱ्या फाइल्सचा ईएफआय फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचा, मग अपडेट. त्यानंतर स्क्रीन सफरचंदाच्या चिन्हावर थांबली, तर ओपनकोअरच्या सेटिंगची कॉन्फिग फाइल उघडून एकेक ओळ तपासत बसायचं. २०२३ च्या सोनोमा आवृत्तीने जुन्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांचा आधार काढला तेव्हा चांगली चाललेली यंत्रं वायफायविना झाली. ज्याला यात रस आहे त्याच्यासाठी ही आनंदाची संध्याकाळ असते. तुमची मात्र कमाईचीच संध्याकाळ ती. दुसऱ्या दिवशी ग्राहकाला फाइल द्यायची असेल आणि यंत्र सुरू होत नसेल, तर मदतीला कुणी येत नाही. सुट्या भागांची वॉरंटी असते, जोडलेल्या मॅकची नसते.

परवान्याबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. मॅकओएस फक्त ॲपलच्या कॉम्प्युटरवर वापरायची, ही तिच्या परवान्याची अट आहे. असे संगणक विकणाऱ्या सायस्टार कंपनीविरुद्ध ॲपल २००८ मध्ये कोर्टात गेली, जिंकली आणि २०११ मध्ये अपिलातही तोच निकाल राहिला. तुम्ही काही विकत नाही, हे खरं. पण ग्राहकाच्या करारात सगळं सॉफ्टवेअर परवान्याचं असल्याची ओळ असेल, तर तुम्ही सही कशावर करणार? उद्या हे यंत्र मॅक म्हणून विकताही येणार नाही, भागच विकावे लागतील.

तुलनाच चुकीच्या वस्तूशी झाली आहे असं मला वाटतं. मॉनिटर, कीबोर्ड, माउस तुमच्याकडे आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. मग स्टुडिओ कशाला? एम४ चिपची मॅक मिनी २०२४ मध्ये आली, सुरुवातीच्या मॉडेलमध्येही १६ जीबी मेमरी आहे. संध्याकाळी घेतलेल्या कामांना ती पुरेल. मेमरी मात्र नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच पुढचा विचार करा. अंतर्गत स्टोरेज वाढवून घेणं महाग पडतं. त्याऐवजी फुटेज बाहेरच्या एसएसडीवर ठेवा. ॲपलच्याच चिपची एखादी वापरलेली मॅकही बघायला हरकत नाही, फक्त आधीच्या मालकाचं खातं त्यावरून पूर्ण काढलंय याची खात्री पैसे देण्यापूर्वी करा.

फायनल कट खरंच हवं आहे का, हेही तपासा. ग्राहक तेच मागत असतील तर प्रश्न मिटला. पण ग्राहकाला फक्त तयार व्हिडिओ हवा असेल, तर डाविंची रिझॉल्व्ह विंडोजवर चालतं आणि त्याची मोफत आवृत्ती तुमच्या बऱ्याच कामाला पुरेल. आज हातात असलेल्या यंत्रावर ती एक महिना वापरून बघा. कदाचित नवीन काही घ्यावंच लागणार नाही.

राहिला पैशाचा स्रोत. अडीअडचणीची ठेव नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तेव्हाची. कमाई वाढवण्यासाठी ती वापरणं कागदावर बरं दिसतं, पण त्याच महिन्यात काम मिळालं नाही तर कार्डाचा हप्ताही त्याच ठेवीतून जाईल. मग ठेव दोन्ही बाजूंनी रिकामी होते. ती अजिबात मोडू नका. संपादनाच्या कमाईतला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायला लागा, मिनीचे पैसे त्यातूनच उभे राहू द्या. तोवर एखादं मोठं काम हाती आलं आणि त्याची आगाऊ रक्कम मिळाली, तर तिच्या भरवशावर खरेदी थोडी अलीकडे आणायला हरकत नाही.