पिल्लाची भूक आणि कार्डाची थकबाकी

प्रश्न : माझ्याकडे कुत्र्याचं चार महिन्यांचं मादी पिल्लू आहे. मागच्या आठवड्यात तिला दोन दिवस जुलाब झाले. औषधाने थांबले, पण तेव्हापासून ती निम्मं खाणं टाकून देते. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला सांगितलंय. पगार झाला की नेईन. कार्डावर 60,000 रुपये बाकी आहेत, पण किमान रक्कम वेळेवर भरते. दीड लाखाची मुदत ठेव 7 टक्क्यांनी आहे, ती मोडायची नाही. 18,000 रुपयांत वर्षभराचं टॉनिक आणि तपासणीचं पॅकेज हप्त्यांवर मिळतंय. ते घेऊ की विमा? पुढे तिची पिल्लं विकून खर्च निघेलच.

उत्तर : दोन्ही नको. आणि पगाराची वाट कसली बघता? आजच न्या. जुलाबानंतर पोट पूर्ववत व्हायला थोडे दिवस लागतात, औषधानेही मळमळतं. या वयात दात बदलतात, जंतही असू शकतात. यातलं नेमकं काय, ते डॉक्टर सांगतील. टॉनिक विकणारा नाही. मोठं कुत्रं एखादा दिवस उपाशी राहिलं तर निभावतं, पिल्लाच्या रक्तातली साखर पटकन उतरते. उलटी, मरगळ किंवा फिकट हिरड्या दिसल्या तर तासाभराचाही उशीर नको. आणि घरातली माणसांची वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नका.

आता तुम्ही जे विचारलंच नाही त्याकडे येऊ. दीड लाख बाळगून असलेल्या माणसाला डॉक्टरांच्या फीसाठी पगाराची वाट बघावी लागते, ती त्या कार्डामुळे. व्याज महिना 3 टक्के धरलं तर 60,000 वर 1,800 रुपये, वर्षाला साधारण 21,600. त्याच 60,000 वर ठेवीत तुम्हाला वर्षाला 4,200 मिळतात, तेही करपात्र. म्हणजे ठेव 'न मोडण्याचा' हट्ट वर्षाला सतरा हजारांना पडतोय! किमान रक्कम 3,000 असेल तर त्यातले 1,800 व्याजातच जातात. मुद्दल जेमतेम 1,200 ने हलतं. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. किमान रक्कम वेळेवर भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो.

ठेव मोडा, कार्ड शून्यावर आणा. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजात थोडी कपात होईल, होऊ द्या. उरलेले 90,000 अडीअडचणीसाठी ठेवा, पण अर्ध्या तासात हातात येतील अशा खात्यात. कार्डाला जाणाऱ्या 3,000 पैकी निम्मे दरमहा तिच्या नावाने बाजूला काढा. वर्षाला 18,000 होतात, म्हणजे पॅकेजइतकेच. फरक एवढाच की लस, जंतांचं औषध, तपासणी, जे खरंच लागेल त्यावर ते खर्च होतील. पॅकेजमधल्या टॉनिकने भूक येईल याची हमी त्या विक्रेत्याने लेखी दिली आहे का? मग हप्ते कशाचे भरायचे?

पिल्लं विकण्याचा हिशेब तर कागदावरही मांडू नका. गाभण कुत्रीची तपासणी, अडलीच तर शस्त्रक्रिया, पिल्लांचं खाणं आणि लसी, हा सगळा खर्च आधी होतो. गिऱ्हाईक मिळालंच तर नंतर.

विम्याचं ती पूर्ण बरी झाल्यावर बघू. बहुतेक पॉलिसींत सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो आणि आधीचा आजार वगळलेला असतो, त्यामुळे आत्ताचं बिल त्यातून निघणार नाही. घ्याल तेव्हा अर्जात हे जुलाब लिहा. एजंट 'राहू द्या' म्हणाला तरी लिहा.