जुन्या उघड्या हॉट रॉड गाड्यांचं अमेरिकेत लोकांना एवढं वेड का असतं? भारतात त्या का दिसत नाहीत?

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी घेऊन, नको ते भाग काढून आणि इंजिन सुधारून वेगवान केलेली गाडी. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की धड छप्पर नाही, दाराला काचा नाहीत, एसीचं तर नावच नको, आणि तरी लोक एकेका गाडीत लाख-लाख डॉलर ओततात. तेवढ्यात नवी कोरी पोर्शे येईल. हिशेब तुमचा बरोबर आहे. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, आणि शनिवारी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मशिनिस्टच्या गॅरेजमध्ये त्याच्या १९३२च्या फोर्ड रोडस्टरखाली हात काळे करत असतो. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: वारा खायला म्हणून छप्पर काढलं असणार. तसं नाहीये. रोडस्टर कारखान्यातूनच उघडी यायची. वर घडी होणारा कापडी हूड, दाराला वर-खाली होणाऱ्या काचा नाहीत, बोल्टने बसवलेली पुढची काच. १९२०च्या दशकात अमेरिकन गिऱ्हाईक बंद गाड्यांकडे वळलं आणि या उघड्या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात पडू लागल्या. त्यात महामंदी आली. लॉस एंजेलिसच्या आसपासच्या पोरांना खिशाला परवडणारी गाडी हवी होती, आणि इथे वर्षातले बहुतेक दिवस पाऊस नसल्यामुळे उघड्या गाडीचं काही अडत नव्हतं.

शिवाय ती हलकी. मोहावीच्या वाळवंटात म्यूरॉक, एल मिराज अशी कोरडी तळी आहेत. मैलोन्‌मैल सपाट, टणक माती. पोरं शनिवार-रविवारी गाडी चालवत तिथे जायची, मडगार्ड, बॉनेट, हेडलाइट, पुढची काच, जे जे निघेल ते काढून ठेवायची, वेग मोजून घ्यायची आणि सगळं परत लावून सोमवारी त्याच गाडीतून कामाला जायची. शर्यतीच्या छकड्यावर कोणी छप्पर घालतं का? तेच इथे. १९३७ साली या पोरांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. सुरुवातीची बरीच वर्षं तिच्या नियमात बंद कूपे (पक्क्या छपराच्या, दोन दारांच्या) गाड्यांना जागाच नव्हती. त्यांच्यासाठी पुढे रसेटा नावाची वेगळी संघटना निघाली. म्हणजे हॉट रॉड उघडीच असायला हवी, हा हट्ट नंतर सुचलेल्या शौकाचा नाही, पाया घालतानाच तो नियम होता. आजही जुनेजाणते लोक कूपेवाल्याला ‘छान आहे हं’ म्हणतात, पण त्या ‘हं’मध्ये सगळं येतं.

आता १९३२. हे वर्ष या मंडळींना वारकऱ्याला एकादशी असावी तसं तोंडपाठ असतं. त्या वर्षी हेन्री फोर्डने स्वस्तातल्या गाडीत व्ही-८ इंजिन दिलं, म्हणजे ‘व्ही’ आकारात चार-चार अशी आठ सिलिंडरं असलेलं. तोवर व्ही-८ म्हणजे कॅडिलॅक-लिंकनवाल्यांची मिजास. फोर्डने आठही सिलिंडरांचा ठोकळा एकाच ओतकामात काढला आणि किंमत पाडली. ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती; आधीच्या मॉडेल ए ला ४० होती. या इंजिनाचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्येच असतात, हेड म्हणजे नुसतं चपटं झाकण. म्हणून नाव फ्लॅटहेड. ते अमेरिकेत १९५३ पर्यंत बनत राहिलं.

इंजिनिअरच्या नजरेने बघाल तर त्यात एक खोट आहे. जळालेला वायू ब्लॉकच्या आतूनच बाहेर जातो, आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना मिळून वाट एकच. त्यामुळे ती सगळी उष्णता भोवतीच्या पाण्यात उतरते आणि इंजिन तापतं. आमच्या मशिनिस्टची गाडी ऑगस्टमध्ये ट्रॅफिकला अडकली की त्याचा एक डोळा सिग्नलवर आणि एक तापमानाच्या काट्यावर असतो. पण हेच इंजिन पोरांना शिकवून गेलं. झाकण चपटं, म्हणून काढायला सोपं. ते खरवडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढवा, दोन कार्ब्युरेटर बसवा, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदला. विक एडेलब्रॉक आणि एड इस्केन्डेरियन ही आज सुट्या भागांच्या डब्यांवर दिसणारी नावं मुळात याच तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्या माणसांची आहेत. १९३९ साली फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले तेव्हा जुन्या रोडस्टरवाल्यांनी भंगारातून ते उचलून आपल्या गाड्यांना लावले. एका वर्षाची बॉडी, दुसऱ्याचा गिअरबॉक्स, तिसऱ्याचं स्टिअरिंग: त्यामुळे दोन हॉट रॉड कधी सारख्या नसतात.

आणि माझ्या मते वेडाचं खरं मूळ इथे आहे. छप्पर, मडगार्ड, बऱ्याचदा बॉनेटच्या बाजूचे पत्रेही नसल्यामुळे या गाडीत काही लपवता येत नाही. ब्रेकची नळी कशी वळवली, वेल्डिंग कोणाच्या हातचं, पुढचा अॅक्सल किती खाली घेतला, सगळं रस्त्यावर उभ्या माणसाला दिसतं. बनवणाऱ्याची अक्कल आणि चूक दोन्ही उघड्यावर. नव्या पोर्शेत हे प्लास्टिकच्या झाकणाखाली असतं, आणि ते तुम्ही केलेलंही नसतं.

शौकीन माणूस बघतो तरी काय? आधी उभं राहणं. मागची चाकं मोठी, पुढची लहान, म्हणून गाडी नाक खाली घालून उभी. मडगार्ड काढून बॉडी चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, तशीच ठेवली तर ती हायबॉय. १९३२च्या फोर्डची चासी बाजूने दिसते आणि तिच्या पट्टीवर लांबलचक उठावाची रेघ आहे, म्हणून मडगार्ड गेले तरी ती नागडी वाटत नाही. मग काच: दोन-तीन इंच कापून बुटकी केलेली. काच किती कापावी यावर मी दोन म्हाताऱ्यांना अर्धा तास भांडताना पाहिलंय. त्यातल्या एकाकडे गाडीच नव्हती.

चालवायला मजा येते का? येते, पण आराम म्हणाल तर विसरा. बुटक्या काचेवरून वारा सरळ कपाळावर येतो, फायरवॉलमधून (इंजिन आणि पाय यांमधल्या पत्र्यातून) पाय भाजतात, पेट्रोलचा वास कपड्यांना राहतो. हायवेवर शेजारच्या ट्रकचं चाक कानाच्या उंचीवर फिरत असतं. पावसात वेग असेल तोवर बरंचसं पाणी डोक्यावरून जातं, सिग्नलला थांबलात की भिजलात. पण शंभराच्या वेगाने जाताना जे वाटतं ते नव्या गाडीत दोनशेलाही वाटत नाही, हेही खरं.

युद्धानंतर हे लोण पसरलं. म्यूरॉक लष्कराने घेतलं होतं (आजचा एडवर्ड्स हवाई तळ), म्हणून मंडळी एल मिराजला जमू लागली. १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघालं, १९४९ मध्ये युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पहिला स्पीड वीक झाला. १९५० साली ओकलंडच्या प्रदर्शनात अमेरिकेतल्या सर्वांत सुंदर रोडस्टरचा पहिला मान बिल नीकॅम्प यांच्या १९२९च्या फोर्डला मिळाला. मला ती आवडते ती पुढच्या गोष्टीसाठी: बक्षीस मिळाल्यावर तीच गाडी १९५२ मध्ये एल मिराजवर ताशी १४२ मैलांनी, म्हणजे सुमारे २२९ किलोमीटरने पळाली. आजच्या बऱ्याच प्रदर्शनी गाड्या ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरूनच जातात. त्यांचा रंग अप्रतिम असतो. त्यापुढे मला त्यांच्याबद्दल फारसं बोलायचं नाही.

भांडणंही भरपूर आहेत. १९५५ साली शेव्हरोलेचं छोटं व्ही-८ आलं, हलकं आणि जास्त ताकदीचं, आणि फोर्डच्या बॉडीत शेव्हरोलेचं इंजिन हा सर्रास प्रकार झाला. कट्टर लोकांना तो अजून पचत नाही. मूळ पत्र्याच्या बॉडी दुर्मिळ झाल्या तशा फायबरच्या आल्या. आता ओहायोतली ब्रुकव्हिल ही कंपनी नव्या पत्र्यातून १९३२ची बॉडी ठोकून देते. ती ‘खरी’ का? माझं मत, हो. हॉट रॉड कधीच शुद्ध कुळातली नव्हती.

गंमत म्हणजे ज्यांना एकेकाळी पोलीस हाकलायचे त्या गाड्या आता पंगतीला बसल्यात. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या उच्चभ्रू गाड्यांच्या सोहळ्यात पहिल्यांदा हॉट रॉडचा वर्ग ठेवला आणि डोन स्पेन्सर यांनी घडवलेली १९३२ची रोडस्टर जिंकली. २०१४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने याच मॉडेलच्या हॉट रॉडची तिकिटं काढली.

आता भारत. फोर्ड गाड्या आपल्याकडे नव्हत्या असं नाही. १९२६ पासून पुढची पाव शतकभर कंपनी मुंबईत गाड्या जोडत होती. पण इथे जुन्या गाडीचा शौक उलट्या दिशेने वाढला: कारखान्यातून निघाली तशी ती दिसायला हवी. कायदाही तेच म्हणतो. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते, पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसेल तरच. त्याआधी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असं सांगितलं होतं. कॅलिफोर्नियात मात्र अशा घरी घडवलेल्या गाड्यांच्या नोंदणीसाठी दरवर्षी पाचशेंचा वेगळा कोटाच आहे. त्यामुळे पुण्यात कोणी तुम्हाला ‘करून देतो’ म्हणालं तर आधी आरटीओचं विचारा, मग इंजिनाचं.

लॉस एंजेलिसला येणं झालं तर जानेवारीअखेर पोमोनाला ते ओकलंडवालं प्रदर्शन भरतं, आता मुक्काम इकडे हलवलाय. सकाळी लवकर जा, हॉलच्या आत कमी आणि बाहेर पार्किंगमध्ये जास्त फिरा. चालवत आणलेल्या गाड्या तिथे असतात. मालकाला इंजिनाबद्दल एक प्रश्न विचारा, पुढचा तास तुमचा गेला. फक्त पाठीवरची सॅक पुढे घ्या आणि पट्ट्याचं बक्कल दारापासून लांब ठेवा.