३१ हजारांचा ट्रायपॉड आणि ‘नो कॉस्ट’ हप्ता

पुण्यातल्या धायरीहून एका वाचकांनी विचारलंय: “मुलगी १५ वर्षांची, रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याची) तिरंदाजी करते, ६० मीटरवर. बाण कुठे लागला ते बघायची दुर्बीण, म्हणजे स्पॉटिंग स्कोप, गेल्या वर्षी १४ हजारांना घेतला. आता तिच्या मते ट्रायपॉड हलतो, बाण कुठे लागला ते दिसत नाही. दुकानदाराने कार्बन फायबरचा दाखवला. १२ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर ३१,००० रुपये, रोख दिले तर २९,०००. पगार हातात ६२,०००. गृहकर्जाचा हप्ता १९,५००, घरखर्च २७,०००, तिरंदाजीचे महिन्याला ९,०००. एफडी १ लाख १० हजारांची आहे. ईएमआय घेऊ, एफडी मोडू, की ऑनलाइन १,८०० चा घेऊन वेळ मारून नेऊ?”

तिन्हींपैकी एकही नको, असं माझं मत. कारणं सांगतो.

आधी त्या ‘नो कॉस्ट’चं बघू. रोख २९ आणि हप्त्याने ३१, म्हणजे २,००० रुपये व्याज तुम्ही देताच आहात, फक्त त्याला व्याज म्हणायचं नाही एवढंच ठरलंय. शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच हरकत घेतली होती. त्यामुळे असल्या जाहिरातीत व्याज नाहीसं होत नाही, सवलतीच्या पोटात जाऊन बसतं. हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६० रुपये. प्रोसेसिंग फी २९९ धरली तर जीएसटीसकट ३५३. एकूण २,७१३ रुपये जास्त. शिवाय महिन्याला तुमच्या हातात उरतात जेमतेम ६,५००. त्यातले २,५८३, म्हणजे जवळपास ४० टक्के, वर्षभर एका स्टँडकडे जाणार.

गणिताने पाहिलं तर एफडी मोडणं याहून स्वस्त पडेल, हे मान्य. पण तुमचा महिन्याचा खर्च साडेपंचावन्न हजार आणि एफडी एक लाख दहा हजार, म्हणजे नोकरीत काही झालं तर घर दोनच महिने चालेल. मी साधारण सहा महिन्यांची तरतूद सांगतो. ती अर्धीही नसताना तिच्यात हात घालणं मला पटत नाही.

आता मुख्य प्रश्न: कार्बन नेमकं काय विकत देतं? हलकेपणा. पाठीवर सामान टाकून चार दिवस डोंगर चढणाऱ्या पक्षीनिरीक्षकाला त्याचं मोल आहे. तुमची लेक ट्रायपॉड गाडीतून उतरवते, शूटिंग लाईनपर्यंत नेते आणि दुपारपर्यंत तिथेच ठेवते. उघड्या मैदानावर वारा सुटला की हलका ट्रायपॉड आधी डगमगतो, मग तो स्थिर राहावा म्हणून त्याला पिशवी लटकवावी लागते. वजन कमी व्हावं म्हणून वीसेक हजार जास्त मोजायचे आणि मग तेच वजन पिशवीत भरून परत टांगायचं, हा व्यवहार कुणाला सुचला कोण जाणे. कार्बनमध्ये थरथर थोडी लवकर विरते हे खरं आहे, पण तेवढ्यासाठी एवढा फरक मोजावा असं या कामात काही नाही.

उंचीचंही तसंच. वर्ल्ड आर्चरीच्या नियमानुसार लाईनवरच्या स्कोपचा सर्वात वरचा भाग खेळाडूच्या काखेच्या वर जाता कामा नये. मुलगी सव्वापाच फुटांची असेल तर ही मर्यादा चार फुटांच्या आसपास येते. त्यातून स्कोपची स्वतःची उंची वजा करा. म्हणजे ‘१७० सेंटिमीटरपर्यंत उघडतो’ ही जी बढाई खोक्यावर छापलेली असते, तिचे पैसे देऊन तुम्हाला काहीच मिळत नाही. उलट पायांचा शेवटचा टप्पा सगळ्यात बारीक असतो, तो उघडावाच लागला नाही तर बरंच.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी या रविवारी मैदानावर एक गोष्ट करून बघा. मला दाट शंका आहे की मुलीने मधला दांडा पूर्ण वर खेचलेला असतो आणि झूम ६० पटीवर असतो. दांडा पूर्ण खाली करा, पायांचे जाड टप्पेच उघडा, पाय नीट फाकवा, खालच्या हुकाला पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक अडकवा. सॅक जमिनीला हलकेच टेकू द्या, नाहीतर तीच झोके घेते. झूम २० ते २५ वर आणा. जेवढं मोठं दिसतं तेवढीच थरथरही मोठी दिसते. ६० मीटरवर १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटमधलं दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं असतं. त्यात बाण आहे की नऊच्या रेषेबाहेर गेलाय, बाणांचा पुंजका (ग्रुप) डावीकडे सरकतोय का, हे २५ पटीत आरामात कळतं. धनुष्यावरची साईट, म्हणजे नेम धरायची खूण, हलवायची की नाही हे ठरवायला तिला एवढंच हवंय. थरथर गेली तर खर्च शून्य.

नाही गेली, तर घ्या. पण १,८०० चा नको. त्या किमतीत मिळणाऱ्या ट्रायपॉडचं डोकं, म्हणजे स्कोप बसतो तो वरचा भाग, बहुतेक प्लॅस्टिकचं असतं. वाऱ्याने तो आडवा झाला आणि स्कोपमधला प्रिझम जागचा हलला, तर नुकसान १,८०० चं नाही, १४,००० चं. इथे कंजूषी महागात पडेल.

माझ्या हिशेबाने बजेट ७ ते ९ हजार, ॲल्युमिनियम, आणि जमलं तर सेकंडहँड. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांचे दणकट ट्रायपॉड पुण्यात विकायला निघत असतात. जड आहेत म्हणून विकले जातात, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय. डोकं बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर सगळीकडे फिरणारं, नको. तिरप्या आयपीसचा (डोळा लावायच्या भागाचा) स्कोप त्यावर हळूहळू मान टाकतो. आडवं-उभं वेगवेगळं घट्ट होणारं साधं पॅन हेड बघा. वरची प्लेट हरवलेली नाही ना आणि तिचा पाव इंची स्क्रू झिजलेला नाही ना, हे तपासा. लॉक झटक्यात लागणारे, खटक्याचे असू द्या. पावसाळ्यात चिखल गेला की फिरवायचे लॉक करकरायला लागतात.

घेताना स्कोप आणि मुलगी दोघांनाही सोबत न्या. रस्त्यापलीकडच्या पाटीवर ६० पटीत नजर लावायला सांगा आणि ट्रायपॉडच्या पायावर बोटाने टिचकी मारा. चित्र किती वेळाने शांत होतं ते तीच सांगेल. लाईनवर दोन बाणांच्या मध्ये तिला बघायला क्षणभरच मिळतो. चित्र थांबायची वाट बघावी लागली तर तो ट्रायपॉड तिथेच ठेवून या.

एक बाजू मात्र मुलीची घेतो. वाढत्या वयात धनुष्याचे लिंब्स, म्हणजे वाकणाऱ्या दोन पात्या, बदलावे लागतात, पाउंडेज (दोरी ओढायला लागणारा जोर) वाढलं की बाणांचा ताठपणाही जुळेनासा होतो. ट्रायपॉड तेवढा अपुरा पडत नाही. त्यामुळे चांगला घेणं हा लाड नाही. पण येत्या वर्षभरात लिंब्स आणि नवे बाण हा खर्च दारात उभा आहे, आणि स्कोअर तिथून येतो. हातात उरणाऱ्या साडेसहा हजारांतून महिन्याला ३,००० बाजूला काढा. तीन महिन्यांत ट्रायपॉड रोखीने येईल. त्यानंतर तेच ३,००० आरडीत चालू ठेवा, लिंब्सच्या नावाने.