वाडा 'डिलॅपिडेटेड' की 'डिक्रेपिट'?

सांगलीच्या गावभागातल्या एका जुन्या वाड्यावर इंग्रजीत टिपण लिहिणाऱ्या वाचकाने विचारलंय, की वाड्याला 'डिलॅपिडेटेड' म्हणावं की 'डिक्रेपिट'. दोन्हींना मराठीत 'जीर्ण' चालतो, म्हणून घोळ होतो.

मी तरी 'डिलॅपिडेटेड' लिहीन. हा शब्द मुख्यतः वास्तूंचा, आणि त्यात वयापेक्षा हेळसांड जास्त बोलते. लॅटिनमध्ये 'लापिस' म्हणजे दगड. त्यावरून झालेल्या मूळ क्रियापदाला मालमत्ता उधळून टाकणं असाही अर्थ होता. इंग्लंडमध्ये भाडेकरूने करारातली डागडुजी केली नाही, तर जागा सोडताना मालक भरपाई मागतो; त्या प्रकरणाला आजही 'डिलॅपिडेशन्स' म्हणतात. म्हणून गिलावा सुटून गज उघडे पडलेली, वीस वर्षांचीसुद्धा नसलेली इमारत खुशाल डिलॅपिडेटेड ठरते. उलट वाईजवळचा मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा १८व्या शतकातला. पण नुसतं वय पाहून त्याला हा शब्द लावणं अन्यायाचं होईल. २०१९ च्या महापुरात एका रात्रीत बसलेल्या मातीच्या भिंतीलाही तो लागत नाही. ती पडकी भिंत पुढे वर्षानुवर्षं कुणी उभीच केली नाही, तर घर डिलॅपिडेटेड. आपल्याकडे 'मोडकळीला आलेलं' म्हणतात ते हेच.

'डिक्रेपिट'चं घराणं वेगळं. लॅटिन 'क्रेपारे' म्हणजे करकरणं, कडकडणं. गुडघा वाकवताना होणाऱ्या करकरीला हाडांचे डॉक्टर 'क्रेपिटस' म्हणतात, तो शब्द याच धातूचा. म्हातारपणाने गात्रं थकली, की माणूस डिक्रेपिट. मराठीत 'जराजर्जर', बोलण्यात 'जख्खड'. वस्तूलाही चालतो, पण मग ती वयाने थकली असं सुचवायचं असतं; तुळया वाकलेल्या, फळ्या झिजलेल्या वाड्याबद्दल लिहिलंत तर चूक नाही. मात्र घरातल्या आजी-आजोबांबद्दल लिहिताना हा शब्द कृपा करून वापरू नका, फार टोचतो. तिथे 'फ्रेल', म्हणजे अशक्त, बरा. आणि शेवटी 'ट' आहे. 'डिक्रेपिड' असंही ऐकू येतं, ते चूक.

राहिला वाड्याचा हलणारा जिना. त्याला यातला कुठलाच नको. 'रिकेटी' लिहा, म्हणजे खिळखिळा. मुडदुसाला इंग्रजीत 'रिकेट्स' म्हणतात, त्यावरून तो आलाय.